मोज्याच्या टोकावरचा किचनर

हाताने मोजे विणायला घेतलेत? मग टाच वळवून बोटांपर्यंत पोहोचलात की एका सेनापतीशी तुमची गाठ पडणारच. शेवटी दोन सुयांवर काही उघडे टाके उरतात. ते बोथट सुईने असे जोडायचे, की जोड दिसत नाही आणि बोटांना टोचतही नाही. या जोडाला जगभर किचनर स्टिच म्हणतात. कोण हा किचनर?

होरेशिओ हर्बर्ट किचनर १८५० मध्ये आयर्लंडमध्ये जन्मला. इंजिनिअर म्हणून ब्रिटिश सैन्यात गेला. १८९८ मध्ये सुदानमधली ओमदुर्मानची लढाई जिंकली आणि हिरो झाला. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात त्याने शेतं-घरं जाळायचा सपाटा लावला, बायका-मुलांना छावण्यांत कोंडलं. तिथे रोगराई आणि उपासमारीने सुमारे २६,००० बोअर गेले, त्यात बहुतेक लहान मुलं. छावण्यांत मेलेले हजारो कृष्णवर्णीय आफ्रिकी वेगळेच.

१९०२ ते १९०९ तो भारताचा सरसेनापती होता. व्हाइसरॉय कर्झनशी त्याचं असं वाजलं, की १९०५ मध्ये कर्झननेच राजीनामा दिला. त्याच वर्षी किचनरने आपल्या कसाऱ्याच्या पुढे, देवळालीत, लष्करी अधिकाऱ्यांसाठी स्टाफ कॉलेज सुरू केलं. १९०७ मध्ये ते क्वेट्टाला गेलं.

१९१४ मध्ये तो ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. बोट रोखून सैन्यात बोलावणारा पोस्टरवरचा मिशाळ माणूस तो हाच. खंदकांतल्या चिखलात सैनिकांचे पाय सडत होते, मोजे लाखांनी लागत होते. घरोघरी बायका विणायला बसल्या. बोटांना घासणार नाही असा जोड किचनरने सुचवला, असं सांगतात. ठोस पुरावा मात्र नाही. हा जोड त्याच्या आधीपासूनचा. ५ जून १९१६ ला रशियाला जाताना त्याचं जहाज सुरुंगावर आदळून बुडालं. माणूस गेला, नाव मोज्याला चिकटलं.

नावं अशीच चिकटतात. उल्हासनगरातले दुसऱ्या महायुद्धातले सैनिक कधीच गेले, त्यांच्या बराकींत सिंधहून आलेल्या कुटुंबांनी संसार थाटले, तरी पत्ता सांगताना आपण कॅम्प नंबर तीनच म्हणतो. पण ज्या बायकांनी लाखो मोजे विणले, त्यांचं नाव एकाही टाक्याला नाही.

बदलापूरच्या थंडीआधी तुमचा पहिला जोड पुरा करायचा असेल, तर शेवटी धागा ओढू नका. बाकीच्या टाक्यांइतकाच सैल ठेवा. आणि त्या बायकांची आठवण ठेवा.