सिकंदराबादच्या छावणीत हिवतापाचं कोडं सोडवणारा डॉक्टर : रोनाल्ड रॉस

मुरुम (ता. उमरगा) : पावसाळा लागला की घराघरांत थंडी-तापाचं माणूस दिसायला लागतं. आरोग्यसेविका दारात येते, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेते, रांजण-टाकीत डोकावते आणि पाणी ओतून द्या म्हणून सांगून जाते. घरातले लोक हो म्हणतात. ती गेली की पाणी तसंच राहतं. पाणी आठवड्यातून एकदा येणार, मग ओतायचं कसं, हा त्यांचा सवालही खोटा नाही.

पण रक्ताचा तो थेंब आणि टाकीतलं ते पाणी यांचा संबंध पहिल्यांदा जोडला गेला तो आपल्यापासून फार लांब नाही. उमरग्याहून हैदराबाद रस्त्याला लागलं की दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर सिकंदराबाद येतं. तेव्हा आपला हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता आणि सिकंदराबादला इंग्रजांची लष्करी छावणी होती. त्या छावणीतल्या एका डॉक्टरने २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. त्याचं नाव रोनाल्ड रॉस. जगभर २० ऑगस्टला डास दिन पाळतात तो याचमुळे.

डॉक्टर व्हायचं नव्हतं

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ चा, हिमालयातल्या अल्मोड्याचा. तिकडे उत्तरेत बंडाचा वणवा पेटला होता. वडील इंग्रजांच्या हिंदी फौजेत अधिकारी, पुढे जनरल झाले. दहा भावंडांत रोनाल्ड थोरला. आठव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी विलायतेला पाठवलं. पोराचं मन चित्रात, कवितेत आणि संगीतात. वडिलांनी मात्र ठरवून टाकलं की पोरगा डॉक्टर होणार आणि हिंदुस्थानात नोकरी करणार. आपल्याकडे आजही हे घराघरांत चालतंच.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्याने शिक्षण घेतलं, पण मन लावून नाही. एका परीक्षेत नापासही झाला. मध्यंतरी जहाजावर डॉक्टर म्हणून नोकरी केली. शेवटी १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये भरती होऊन रॉस हिंदुस्थानात परतले. नोकरीत काम थोडं, वेळ भरपूर. तो वेळ ते कविता, कादंबऱ्या आणि गणितात घालवत. गणिताचा हा नाद पुढे फार उपयोगी पडला.

१८८३ मध्ये ते बंगळूरला होते. बंगल्यात डास फार. शोध घेतल्यावर खिडकीजवळच्या पाण्याच्या पिपात वळवळणाऱ्या अळ्या सापडल्या. रॉस यांनी पीप उपडं केलं आणि डास कमी झाले. मग छावणीतल्या वरिष्ठाला त्यांनी सुचवलं की अशी सगळीच भांडी रिकामी करू या. वरिष्ठाने ऐकलं नाही. देवाने डास काही तरी कारणाने केले असतील, ते सोसायचे, असं त्याचं म्हणणं. डासाचा आणि तापाचा संबंध तेव्हा रॉस यांनाही ठाऊक नव्हता. पण पाणी ओतलं की डास घटतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून ठेवलं.

खराब हवेचा ताप

त्या काळी हिवताप कशाने येतो, तर दलदलीच्या खराब हवेने, अशी समजूत होती. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी खराब हवा. औषध म्हणून कोयनेल होतं, ते घेतलं की ताप उतरायचा. पण ताप येतो कुठून, हे कुणालाच माहीत नव्हतं. १८८० मध्ये अल्जीरियात लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने रोग्याच्या रक्तात हिवतापाचा जंतू पाहिला. तो जंतू एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे कोडं राहिलंच.

१८९४ मध्ये रॉस रजेवर लंडनला गेले. तिथे डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी सूक्ष्मदर्शकातून त्यांना तो जंतू दाखवला आणि जंतू डासाच्या अंगात वाढत असावा, हा आपला अंदाज सांगितला. रॉस यांच्या डोक्यात हे पक्कं बसलं. १८९५ मध्ये मुंबई बंदरात उतरल्यावर सामान ताब्यात मिळण्याआधीच ते रुग्णालयात हिवतापाचे रोगी शोधायला गेले.

तिथून सिकंदराबादला बेगमपेठच्या लष्करी दवाखान्यात रुजू झाले. पण मॅन्सन यांचा अंदाज अर्धाच बरोबर होता. रक्त प्यालेला डास पाण्यात पडून मरतो आणि ते पाणी प्यायल्याने ताप येतो, असं त्यांना वाटे. रॉस यांनी माणसांना पैसे देऊन डास मेलेलं पाणी पाजून पाहिलं. आजच्या नियमांत असा प्रयोग कुणालाही करता येणार नाही. त्यातून नीट असं काही हाती लागलंही नाही. मध्येच सरकारने त्यांना पटकीच्या साथीसाठी बंगळूरला धाडलं. १८९७ मध्ये उटीजवळच्या घाटात डासांचा शोध घेताना त्यांना स्वतःलाच हिवतापाने गाठलं.

उन्हाळा, उकाडा आणि बंद पंखा

जून १८९७ मध्ये रॉस पुन्हा सिकंदराबादला आले आणि कामाला जुंपून घेतलं. काम असं होतं. डबक्यातल्या अळ्या आणून बाटलीत वाढवायच्या, म्हणजे डास कोरे मिळतात. हिवतापाच्या रोग्याला मच्छरदाणीत झोपवून ते डास आत सोडायचे. रोग्याचं रक्त पिऊन फुगलेले डास पुन्हा बाटलीत धरायचे. काही दिवस थांबून एकेक डास सुईने उकलायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा कण न् कण तपासायचा. एका डासाला तास-दोन तास लागत.

छताचा झालरीचा पंखा ओढायची सोय होती, पण वारा लागला की उकललेला डास उडून जाईल, म्हणून पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, काचेला तडा गेला. हुसेन खान नावाच्या रोग्याने डास चावून घेतले. डासामागे एक आणा, असा त्याचा दर ठरला होता. शोधाच्या इतिहासात हे नाव रॉस यांच्याइतकंच जपायला हवं.

शेकडो डास उकलूनही काही सापडेना, कारण डासच चुकीच्या जातीचे होते. ऑगस्टच्या मध्यावर पंखांवर ठिपके असलेले वेगळे डास हाती आले. ते हुसेन खानला चावले. हाताशी त्यातले मोजकेच उरले होते. २० ऑगस्टला असाच एक डास उकलताना त्याच्या पोटाच्या भिंतीत रॉस यांना गोल पेशी दिसल्या आणि आत काळे कण. हे कण हिवतापाच्या जंतूतच असतात. दुसऱ्या दिवशी पुढच्या डासात त्या पेशी आणखी वाढलेल्या दिसल्या. म्हणजे जंतू डासात नुसता जात नाही, तिथे वाढतो. ठिपकेदार पंखांच्या या जातीला आज आपण अ‍ॅनोफिलिस म्हणतो. बसताना तो शेपूट वर करून तिरका बसतो, हीच त्याची ओळख.

चिमण्यांनी दिलेला दुसरा धागा

आता पुढचा शोध पूर्ण होणार, तेवढ्यात बदलीचा हुकूम आला. सरकारने रॉस यांना राजपुतान्यात खेरवाड्याला पाठवलं, जिथे हिवतापाचे रोगीच जवळजवळ नव्हते. बरीच खटपट झाल्यावर १८९८ च्या सुरुवातीला त्यांना कलकत्त्यात संशोधनासाठी नेमलं. तिथे प्लेगच्या धास्तीने लोक सुई टोचून घ्यायला तयार होईनात. मग रॉस पक्ष्यांकडे वळले. चिमण्यांनाही त्यांचा वेगळा हिवताप होतो. महंमद बक्ष या मदतनिसाला बरोबर घेऊन ते कामाला लागले. जुलै १८९८ मध्ये जंतू डासाच्या पोटातून निघून लाळेच्या ग्रंथीत पोहोचलेले दिसले. तेच डास निरोगी चिमण्यांना चावले आणि चिमण्या आजारी पडल्या. साखळी पुरी झाली. ताप हवेतून येत नाही, पाणी पिऊनही येत नाही, तो डासाच्या डंखातून येतो.

माणसाच्या हिवतापात हीच साखळी इटलीच्या ग्रासी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच साली दाखवली. पहिला मान कुणाचा, यावरून रॉस आणि ग्रासी जन्मभर भांडले. १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळालं. ब्रिटनच्या नागरिकाला मिळालेलं ते पहिलंच नोबेल.

सगळे डास मारायची गरज नाही

१८९९ मध्ये हिंदुस्थानची नोकरी सोडून रॉस लिव्हरपूलला शिकवायला गेले. त्यापुढची तीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट लावून धरली, डास कमी करा. सुएझ कालव्यावरच्या इस्माइलिया गावात १९०२ मध्ये त्यांच्या सल्ल्याने डबकी बुजवली, साचलेलं पाणी काढलं आणि थोड्याच वर्षांत नवे रोगी जवळजवळ थांबले. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत मात्र असाच प्रयोग फसला. मग अधिकारी म्हणायला लागले की डास कधी संपतात का, हा पैसा वायाच. रॉस यांचं उत्तर होतं की तिथे काम अर्धवट झालं.

इथे त्यांच्या गणिताने हात दिला. डास आधी रोग्याला चावला पाहिजे, मग दहा-बारा दिवस जगला पाहिजे आणि मग निरोगी माणसाला चावला पाहिजे. इतकं जुळून यायला डासांची संख्या भरपूर लागते. ती एका मर्यादेखाली गेली की एका रोग्यामागे एकही नवा रोगी तयार होत नाही आणि रोग आपोआप विरतो. पायलीभर ज्वारी पेरून पायलीही पदरात पडली नाही, तर काही हंगामांत बियाणंच संपतं, तसंच हे. म्हणजे शेवटचा डास मारायची गरज नाही, पुरेसे कमी केले की झालं. १९१० मध्ये त्यांनी हिवताप प्रतिबंधावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. साथीच्या रोगांचा हिशेब मांडताना शास्त्रज्ञ आजही याच वाटेने जातात.

रॉस यांचा स्वभाव तापट होता. सरकारने शोधाचं मोल केलं नाही, ही खंत त्यांनी शेवटपर्यंत धरली. पहिल्या महायुद्धात थोरला मुलगा गेला. १९२८ मध्ये पैशांसाठी त्यांनी आपली कागदपत्रं विक्रीला काढली आणि लेडी ह्यूस्टन यांनी ती २,००० पौंडांना घेतली. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. बेगमपेठची ती इमारत आजही आहे, उस्मानिया विद्यापीठाने तिथे त्यांच्या नावाने संस्था ठेवली आहे.

आपल्या टाकीतला डास

शोधाला सव्वाशे वर्षं उलटली, तरी हिवतापाने जगात दरवर्षी साधारण सहा लाख माणसं मरतात. त्यात सर्वांत जास्त आफ्रिकेतली लहान मुलं. भारताने २०३० पर्यंत हिवताप संपवायचं ठरवलं आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केलेली हिवतापाची आर-२१ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी तिची शिफारस केली. पुद्दुचेरीच्या सरकारी संशोधन केंद्रात वोल्बाकिया नावाचा जिवाणू अंगात असलेले डास तयार केले आहेत. अशा डासांत डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. जुन्या फवारणीला मात्र डास बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत.

आपल्या भागात डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा डास वेगळा आहे. तो एडिस. दिवसा चावतो, अंगावर पांढरे पट्टे असतात आणि त्याला घरातलं स्वच्छ पाणीच लागतं. पाऊस कमी, नळाला पाणी उशिरा, म्हणून आपण बॅरल, हौद, रांजण भरून ठेवतो. टंचाईच्या गावात डास होतो तो असा. दुष्काळाने डास जात नाही, उलट घरात येतो.

म्हणून भरलेलं पाणी ओतून द्या एवढं सांगून भागत नाही. ते झाकायला हवं. टाकीला घट्ट झाकण किंवा तोंडाला कापड बांधलं तरी डासाला अंडी घालता येत नाहीत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा. भांडं नुसतं रिकामं करून चालत नाही, कारण एडिसची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. आतून घासून, पुसून घ्यायचं. ज्या हौदाचं पाणी काढता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडायचे. शौचालयाच्या पाइपाला जाळी बांधायची. जुने टायर, कुलरचा तळ, फ्रिजमागचा ट्रे बघायचा. ताप आला तर मनाने गोळी न घेता रक्त तपासून घ्यायचं.

एका घराने हे करून गाव सुटत नाही, कारण डास शेजारच्या टाकीतून येतो. पण गल्लीतल्या बऱ्याच घरांनी केलं, तर रॉस यांच्या हिशेबाप्रमाणे एवढ्याने रोगाची साखळी तुटू शकते. एखादं घर राहून गेलं म्हणून बाकीच्यांची मेहनत वाया जात नाही.