बडशाह : तख्त गेलं, हुन्नर राहिला

इतिहासाच्या तासाला मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सर, या बादशाहने किती लढाया जिंकल्या? काश्मीरचे सुलतान झैन-उल-आबिदीन यांच्याबद्दल मी वेगळं उत्तर देतो. लढाया त्यांनीही केल्या, पण लोकांनी त्यांना लक्षात ठेवलं ते लोकर, माग आणि कागदासाठी.

त्यांचं मूळ नाव शाही खान. सुलतान सिकंदर यांचे ते चिरंजीव. तरुणपणी ते काही काळ समरकंदला राहिले आणि तिथल्या कारागिरांचं काम त्यांनी जवळून पाहिलं, असं सांगतात. 1420 मध्ये ते तख्तावर आले. तेव्हा खोऱ्याची घडी विस्कटलेली होती. आधीच्या काळात अनेक पंडित कुटुंबं घरदार सोडून गेली होती. सुलतानांनी त्यांना परत बोलावलं, दरबारात जागा दिली. महाभारत आणि राजतरंगिणीचे फारसी तर्जुमे करवून घेतले. म्हणूनच लोक त्यांना बडशाह, म्हणजे थोर राजा, म्हणू लागले.

दुसरं मोठं काम हुन्नराचं. मध्य आशिया आणि इराणमधून त्यांनी उस्ताद कारागीर आणवले. कागद, पुस्तकबांधणी, शाल, गालिचा ही कामं खोऱ्यात रुजली. काश्मिरी गालिच्याची सुरुवात त्यांच्याच काळात झाली असं मानलं जातं.

मालेगाव-भिवंडीच्या वाचकाला ताणा-बाणा समजावून सांगायची गरज नाही. पण गालिच्यात बाण्याबरोबर गाठही असते. ताण्याच्या धाग्यांवर एकेक गाठ हाताने मारायची, ओळ पुरी झाली की बाणा टाकून ठोकायचा. नक्षी सांकेतिक लिपीत कागदावर लिहिलेली असते. एकजण ती मोठ्याने म्हणतो, बाकीचे त्याप्रमाणे रंग घेतात. त्या कागदाला नाव आहे तालीम, म्हणजे शिक्षण! एका गालिच्यात महिनोन् महिने जातात.

पुढे गरिबाच्या घरातही हे हुन्नर वेगळ्या रूपात पोहोचलं. हातमागावरची लोकरी लोई जुनी झाली की ती धुवून, रंगवून, तिचे तुकडे जोडून, वर भरतकाम करून अंथरायचा गब्बा बनतो. अनंतनाग त्यासाठी आजही ओळखलं जातं. फाटलं म्हणून काही फेकायचं नाही.

बडशाहांची अखेर मात्र दुःखाची झाली. आदम खान, हाजी खान, बहराम खान, तिन्ही मुलगे गादीसाठी आपसात भांडले. म्हातारा बाप पाहत राहिला. 1470 मध्ये ते वारले. श्रीनगरला झैना कदल पुलाजवळ, आईच्या मकबऱ्याशेजारी त्यांची कबर आहे. 1561 मध्ये घराण्याची सत्ताही संपली.

मुलांना दिलेलं तख्त टिकलं नाही. परक्यांच्या मुलांना शिकवलेला हुन्नर साडेपाचशे वर्षांनंतरही चूल पेटवतोय. आज मागावर बसायला नवी पिढी तयार नाही, कारण मेहनतीच्या मानाने हातात फार थोडं पडतं. मुलांसाठी घर-प्लॉट जमवताना आपण याचा जरूर विचार करावा. आणि हाताने विणलेली वस्तू घेताना कारागिराशी भाव करू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.