मुफ्ती किफायतुल्लाह

‘तालीमुल इस्लाम’ हे नाव तुमच्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. लहानपणी मकतबमध्ये हे पातळसे पुस्तक हाती घेऊन तुम्ही त्यातील प्रश्नोत्तरे पाठ केली असतील. ते लिहिणारे मुफ्ती किफायतुल्लाह कोण होते, हे आज आपण पाहू.

त्यांचा जन्म १८७५ मध्ये उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शिकण्यासाठी ते मुरादाबादला गेले, पण खर्चाला पैसे कोठून आणायचे? त्यांनी क्रोशाची सुई हाती घेतली. अभ्यास सांभाळून ते दोऱ्याच्या टोप्या विणत आणि विकत. त्या पैशांत त्यांचा खर्च भागे. पुढे ते देवबंदच्या दारुल उलूममध्ये गेले. तेथे त्यांना मौलाना महमूद हसन यांच्यासारखे गुरू लाभले.

१९०३ मध्ये ते दिल्लीच्या मदरसा अमीनियात शिकवू लागले. धर्माचे मोठमोठे ग्रंथ अरबीत होते. विद्वानांना ते कळत. पण सात-आठ वर्षांच्या मुलाने काय करावे? मुफ्तीसाहेबांनी त्याच्यासाठी साध्या उर्दूत चार भाग लिहिले. एक छोटा प्रश्न आणि त्याखाली त्याचे उत्तर, अशी त्यांची मांडणी आहे. एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे. तुम्हीही असेच पाठांतर केले असेल, नाही का? पहिला भाग अगदी लहान आहे. पुढे भागागणिक उत्तरे लांबत जातात. रोजा आणि जकात यांचे नियम चौथ्या भागात येतात. तोवर वाचणारे मूलही थोडे मोठे झालेले असते! मोठा विषय मुलाच्या बेताने थोडाथोडा देणे, हे मला तरी ग्रंथ लिहिण्याहून अवघड वाटते.

मुफ्तीसाहेब केवळ पुस्तकांत रमणारे नव्हते. १९१९ मध्ये जमियत-उल-उलमा-ए-हिंद ही संघटना स्थापन झाली. तिचे ते पहिले अध्यक्ष होते. स्वातंत्र्यलढ्यात १९३० आणि १९३२ मध्ये त्यांना तुरुंगवास घडला. पहिल्या वेळी ते गुजरातच्या तुरुंगात होते. हे गुजरात म्हणजे आपल्या शेजारचे राज्य नव्हे. ते पंजाबातील एक शहर असून आता पाकिस्तानात आहे. दुसऱ्या वेळी त्यांना मुलतानला ठेवले होते.

३१ डिसेंबर १९५२ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांची कबर मेहरौली येथे आहे. त्यांचे फतवे पुढे त्यांच्या मुलाने नऊ खंडांत एकत्र केले. ते जाडजूड खंड विद्वान चाळतात. मुलांच्या दप्तरात मात्र तो पातळ पहिला भागच असतो.