बागेतला कारागीर : जेम्स स्टार्ली

मुलांनो, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, ऊस खूप पिकतो. साखर कारखाने सुरू झाले की उसाने भरलेले ट्रक रात्रंदिवस धावू लागतात. एखादा ट्रक बिघडला की तो रस्त्यालगतच्या गॅरेजमध्ये येतो. ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध एक मोठा लोखंडी गोळा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या आत जे गिअर असतात, त्यांना डिफरन्शियल म्हणतात.

डिफरन्शियल खोलताना उस्ताद घाई करीत नाही. ट्रक ठोकळ्यांवर नीट टेकवून तो आधी आतले तेल काढतो. मग दोन्ही बाजूंचे एक्सल ओढून काढतो, इंजिनाकडून येणारा लांब दांडा सोडवतो आणि गिअरचा जड भाग बाहेर घेतो. बेअरिंगवरच्या टोप्या काढण्यापूर्वी तो त्यांवर खुणा करतो. कारण एका बाजूची टोपी दुसऱ्या बाजूला बसवली तर काम बिघडते. सुटे भाग धुऊन तो एकेक दाता तपासतो. जोडताना शिम नावाच्या पातळ चकत्या घालून दात्यांमधली फट नेमकी ठेवतो. दात्यांना रंग लावून ते एकमेकांवर कोठे टेकतात, तेही पाहतो. फट चुकली तर गिअर आवाज करतात आणि लवकर झिजतात.

यंत्र खोलणारे पुष्कळ असतात. प्रत्येक भागाचे काम ओळखून तो पुन्हा जागेवर बसवणारा खरा कारागीर. हा गिअर सर्वसामान्यांच्या वाहनात आणणारा माणूस असाच कारागीर होता. त्याचे नाव जेम्स स्टार्ली.

जेम्सचा जन्म १८३० साली इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातील ऑल्बर्न या गावी झाला. वडील शेतकरी होते. जेम्स लहानपणीच शेतात राबू लागला. त्याचे मन मात्र यंत्रांत रमत असे. मोडक्या छत्रीच्या काड्या घेऊन त्याने उंदीर पकडण्याचा सापळा बनवला होता. पुढे तो घर सोडून लंडनजवळ आला आणि एका बागेत माळ्याच्या हाताखाली काम करू लागला. फावल्या वेळी तो लोकांची घड्याळे दुरुस्त करीत असे.

बागेचे मालक जॉन पेन हे जहाजांची इंजिने बनवणारे नामांकित कारखानदार होते. त्यांच्या घरी शिवणयंत्र होते. त्या काळी असे यंत्र दुर्मीळ आणि महाग होते. एक दिवस ते बंद पडले. माळीकाम करणाऱ्या जेम्सने ते दुरुस्त करून दिले. त्याचे कसब पाहून पेन यांनी त्याची ओळख यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या भागीदाराशी, जोसाया टर्नर यांच्याशी करून दिली. बागेतला कारागीर कारखान्यात गेला.

१८६१ च्या सुमारास स्टार्ली आणि टर्नर यांनी कॉव्हेंट्री शहरात शिवणयंत्रांचा कारखाना काढला. १८६८ मध्ये टर्नर यांच्या पुतण्याने पॅरिसहून एक दुचाकी आणली. ती जड होती आणि तिची चाके लाकडी होती. स्टार्ली यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. १८७० मध्ये त्यांनी विल्यम हिलमन यांच्याबरोबर तारांच्या आऱ्यांची हलकी दुचाकी तयार केली. आज आपल्या सायकलीच्या चाकात तिरप्या बसवलेल्या तारा दिसतात. ती रचनाही १८७४ मध्ये स्टार्ली यांनीच वापरात आणली.

पुढे त्यांनी दोघांनी शेजारी बसून चालवायची गाडी बनवली. प्रत्येकाने आपल्या बाजूचे चाक फिरवायचे, अशी तिची रचना होती. सांगतात, की एकदा स्टार्ली आणि त्यांचा मुलगा विल्यम त्या गाडीवरून चढ चढत होते. मुलगा तरुण आणि ताकदवान होता. त्याच्या बाजूचे चाक पुढे गेले, गाडी वळली आणि बापलेक रस्त्याकडेच्या झुडपांत पडले.

स्टार्ली यांनी मुलाला दोष दिला नाही. दोष यंत्रात आहे, हे त्यांनी ओळखले. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडावीत, तर गाडी नीट वळणार नाही. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावे लागते. दोन चाकांत २ मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक सुमारे ३ मीटर जास्त चालते. मग दोघांची ताकद एकत्र कशी करावी आणि चाके मोकळी कशी ठेवावीत?

उत्तर होते गिअरमध्ये. स्टार्ली यांनी दोन्ही चाकांच्या दांड्यांवर एकेक दातेरी चाक बसवले आणि त्यांच्यामध्ये छोटी दातेरी चाके ठेवली. सरळ रस्त्यावर सारे एकत्र फिरतात. वळणावर छोटी चाके स्वतःभोवती फिरू लागतात. आतले चाक जितके मंदावते, तितकेच बाहेरचे चाक वेग घेते. अशी रचना फ्रान्समध्ये पेकर यांनी १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी केली होती. स्टार्ली यांनी ती १८७७ मध्ये तीनचाकीत आणली. या गिअरचा एक दोषही आहे. एक चाक चिखलात रुतले, तर तेच गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही.

१८८१ मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्टार्ली यांच्या दोन गाड्या मागवल्या. त्याच वर्षी जून महिन्यात स्टार्ली यांचे निधन झाले. तेव्हा पेट्रोलवर चालणारी मोटार रस्त्यावर आलीही नव्हती. पुढे कार्ल बेंझ यांनी आपल्या पहिल्या मोटारीत हाच गिअर वापरला. १८८४ मध्ये कॉव्हेंट्रीत स्टार्ली यांचे स्मारक उभारण्यात आले.

मुलांनो, उसाचा ट्रक वळताना दिसला, तर त्याच्या मागच्या चाकांकडे पाहा. दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने चालतात, तरीही भार मिळूनच ओढतात. झुडपांत पडलेल्या एका बापाने मुलावर न रागावता यंत्रातली चूक शोधली, म्हणून हे घडले.