सेवाव्रती डॉक्टर कोटणीस

अहमदनगरचा भुईकोट किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. हे नगर आता अहिल्यानगर ह्या नावाने ओळखले जाते. किल्ल्याभोवती खोल खंदक आहे, आणि आतील एक खोली विशेष काळजीने जपून ठेवलेली आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये स्वातंत्र्याचे आंदोलन पेटताच इंग्रज सरकारने बारा राष्ट्रीय पुढाऱ्यांना ह्या किल्ल्यात बंदिवासात ठेवले. पंडित जवाहरलाल नेहरू हे त्यांपैकी एक. ह्याच बंदिवासात, १९४४ मध्ये, त्यांनी भारताच्या इतिहासाचा शोध घेणारा आपला विख्यात ग्रंथ लिहिला. नेहरू येथे बंदी असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, नगरपासून हजारो मैल दूर असलेल्या उत्तर चीनमधील एका खेड्यात एका तरुण मराठी डॉक्टराने देह ठेवला. त्याचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते. नेहरूंना आलेल्या एका पत्रामुळे हा तरुण त्या दूर देशी गेला होता. त्याचे नाव डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथांचा जन्म नगर जिल्ह्याच्या शेजारीच, सोलापूर शहरात, १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. सोलापूर म्हणजे गिरण्यांचे आणि हातमागांचे गाव. कोटणीसांचे घर मध्यमवर्गीय, आणि भावंडांनी भरलेले. शालेय शिक्षण आटोपल्यावर वैद्यकीच्या अभ्यासासाठी द्वारकानाथ मुंबईस गेले आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून १९३६ च्या सुमारास डॉक्टर झाले. पुढील उच्च परीक्षेची त्यांची तयारी चालू होती. ती पुरी होताच चांगला व्यवसाय, सुखाचा संसार आणि समाजात मान, हे सारे त्यांना मिळणारच होते.

परंतु त्याच सुमारास आशिया खंडावर युद्धाचे ढग दाटून आले. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. शहरांमागून शहरे पडू लागली. जखमी सैनिकांची आणि निराधार नागरिकांची गणती उरली नाही; आणि त्यांच्या शुश्रूषेसाठी डॉक्टर मात्र फारच थोडे होते. तेव्हा आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते ह्यांनी नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टरांची आणि औषधांची मदत मागितली. भारत तेव्हा स्वतःच परतंत्र होता. तरीही शेजाऱ्याचे दुःख त्याने आपले मानले. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस ह्यांनी जनतेला आवाहन केले. लोकांनी बावीस हजार रुपयांचा निधी जमविला; रुग्णवाहिकेचीही सोय झाली. आता हवे होते ते स्वेच्छेने जाणारे डॉक्टर.

द्वारकानाथांनी आपले नाव दिले. त्या काळी आपल्याकडील सामान्य माणसाला चीनची ओळख फार तर चिनी रेशमापुरती होती. त्या देशाची भाषा, तेथील अन्न, तेथील हवा, सारेच अपरिचित. त्यात रणांगणावर जाणे. घरच्यांची मने किती कष्टी झाली असतील, ह्याची कल्पना कोणालाही येईल. परंतु मुलाचा निश्चय पाहून त्यांनी त्याला निरोप दिला. पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. अलाहाबादचे डॉक्टर अटल हे त्याचे प्रमुख. नागपूरचे डॉक्टर चोळकर, कलकत्त्याचे डॉक्टर बसू व डॉक्टर मुखर्जी आणि सोलापूरचे डॉक्टर कोटणीस हे इतर सभासद. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून त्यांची बोट निघाली. त्याच महिन्याच्या अखेरीस पथक चीनमधील हांकौ शहरी पोहोचले. आणि महिनाभरात ते शहरही जपानी सैन्याच्या हाती पडले. पथकाला मागे सरावे लागले आणि ते चुंगकिंग ह्या शहरी आले.

येथे त्यांची चिनी नावे ठेवण्यात आली. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले होते. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले ‘के दिहुआ’. नाव बदलणे सोपे असते. त्या नावाला जागणे कठीण असते. कोटणीसांची कसोटी तर लगेचच लागली. वडील निवर्तल्याची वार्ता सोलापुराहून आली. अशा प्रसंगी मुलाने घरी परतावे हे कोणालाही स्वाभाविक वाटले असते. सोबत्यांनी त्यांना तसे सुचविलेही. एकीकडे आईचे आणि भावंडांचे मुख डोळ्यांपुढे येत होते; दुसरीकडे ज्या कामासाठी आपण आलो त्याचा अजून आरंभही झाला नाही, ही जाणीव होती. द्वारकानाथांनी दुःख गिळले आणि ते पथकाबरोबर पुढे निघाले.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनान येथे पोहोचले. हा प्रदेश पिवळ्या मातीच्या टेकड्यांचा. ह्या टेकड्यांच्या कड्यांत गुहा कोरून लोक राहत. शाळा गुहेत, आणि रुग्णालयही गुहेतच. हिवाळ्यात थंडी अशी की पाणी गोठून जावे. जेवणात मुख्यत्वे आपल्याकडील राळ्यासारखे भरड धान्य असे. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या आणि मुंबईत शिकलेल्या तरुणाला हे सारे जड गेले असेल; परंतु जे अन्न सैनिकांना, तेच आपल्याला, असा त्यांचा नेम राहिला. पाहुण्याचा मान घेऊन दूर बसणे त्यांना रुचणारे नव्हते.

त्याहून मोठा प्रश्न होता भाषेचा. रोग्याला कोठे दुखते हे डॉक्टराला कळले नाही, तर विद्या असून नसल्यासारखीच. दुभाष्याच्या मुखाने वेदना कळते. परंतु धीर देता येत नाही. म्हणून कोटणीसांनी चिनी भाषेचा अभ्यास मनापासून आरंभिला. ह्या भाषेची लिपी आपल्या बाराखडीसारखी नाही; तेथे हजारो स्वतंत्र चिन्हे पाठ करावी लागतात. दिवसभर रुग्णसेवा करावी आणि उरलेल्या वेळात विद्यार्थी होऊन चिन्हे गिरवावीत, असा त्यांचा क्रम चालला. हळूहळू ते ती भाषा बोलू लागले, वाचू लागले, आणि पुढे त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवूही लागले. दुसऱ्याच्या घरी मदतीस जाणाऱ्याने आधी त्या घरची रीत शिकावी, ही गोष्ट त्यांनी आपल्या वागण्यातूनच दाखवून दिली.

पथकाची मुदत संपत आली तसे त्यातील डॉक्टर एकेक करून परतू लागले. कोणाची प्रकृती ढासळली, कोणाला दुसरी कर्तव्ये होती. त्यांनीही आपला वाटा प्रामाणिकपणे उचलला होता, हे विसरता कामा नये. कोटणीस आणि बसू मात्र आघाडीवरील प्रदेशात गेले. आणि १९४० मध्ये बसूंना येनानला परत बोलावण्यात आल्यावर ह्या डोंगराळ मुलखात कोटणीस एकटेच भारतीय उरले.

आघाडीवरील रुग्णालय म्हणजे काही मोठी इमारत नव्हती. शेतकऱ्यांच्या घरांतच रोगी ठेवलेले असत. शत्रू चाल करून आला की रोग्यांना उचलून डोंगरात न्यावे लागे. जपानी सैन्याच्या वेढ्यामुळे औषधे दुर्मिळ झाली होती. १९४० मधील एका दीर्घ लढाईच्या वेळी कोटणीसांनी सतत बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, असे सांगतात. सैनिकांबरोबर गावकरीही त्यांच्याकडे येत.

ह्याच प्रदेशात त्यांच्यापूर्वी नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे शल्यवैद्य सेवा करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम विषारी होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये ते मृत्यू पावले. त्यांच्या नावाने जे रुग्णालय उभे राहिले, त्याचे संचालक म्हणून १९४१ च्या आरंभी कोटणीसांची नेमणूक झाली. केवळ रोगी बरे करून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. परदेशातून आलेला डॉक्टर आज आहे, उद्या नाही. परंतु तेथील मुलेमुलीच डॉक्टर झाली, तर सेवा अखंड चालेल. म्हणून ते वैद्यकीय शाळेत शिकवू लागले, आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवर चिनी भाषेत पुस्तक लिहू लागले.

रुग्णालयातील क्वो छिंगलान ह्या परिचारिकेची त्यांच्याशी ओळख झाली. हा परदेशी डॉक्टर आपल्या भाषेत बोलतो, इतकेच नव्हे तर लिहितोही, ह्याचे त्यांना मोठे नवल वाटले. १९४१ च्या अखेरीस त्या दोघांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ असे ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. पित्याच्या नव्या नावात एक देश होता. पुत्राच्या नावात दोन देश एकत्र आले.

परंतु हे सुख फार दिवस टिकावयाचे नव्हते. अतिश्रमांनी डॉक्टरांचे शरीर खंगत चालले होते, आणि त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांतीसाठी आणि उपचारांसाठी दुसरीकडे जावे, असा सल्ला त्यांना देण्यात आला. परंतु रुग्णालय सोडण्यास त्यांचे मन तयार होईना. आपल्या शरीराची त्यांनी अधिक काळजी घ्यावयास हवी होती, असे आज आपल्याला वाटते. तथापि दाराशी जखमी येत असता त्यांना पाठमोरे होता आले नाही. अखेरीस ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. मूल त्या वेळी साडेतीन महिन्यांचे होते. शस्त्रक्रियेचे पुस्तक अपुरेच राहिले.

ज्या गावांत त्यांनी सेवा केली, तेथील लोकांनी आपल्या घरचा माणूस गेला असा शोक केला. पुढे त्यांच्या अस्थी षिच्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत नेण्यात आल्या. बेथ्यून ह्यांची समाधीही तेथेच आहे. कॅनडाचा एक आणि सोलापूरचा एक, असे दोन वैद्य परक्या भूमीत शेजारी विसावले आहेत. भारतात १९४६ साली व्ही. शांताराम ह्यांनी डॉक्टरांच्या जीवनावर चित्रपट काढला. श्रीमती क्वो पुढे भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटल्या. पुत्र यिनहुआ हाही वैद्यकीचेच शिक्षण घेत होता. परंतु १९६७ मध्ये त्याचा अकाली मृत्यू झाला. श्रीमती क्वो २०१२ मध्ये निवर्तल्या. सोलापुरातील कोटणीसांच्या घराचे आता स्मारक झाले आहे.

१९६२ साली भारत आणि चीन ह्या देशांत युद्ध झाले, आणि त्यांच्या संबंधांत कटुता आली. तरीही डॉक्टर कोटणीसांचे नाव दोन्ही देशांत आदरानेच घेतले जाते. ह्याचे कारण शोधू गेल्यास ते त्यांच्या सेवेच्या रीतीत सापडते. ते बोलावल्यावाचून गेले नाहीत. गेल्यावर आपला मोठेपणा मिरविला नाही. त्यांनी त्या लोकांचे अन्न खाल्ले, त्यांची भाषा शिकून घेतली आणि आपले ज्ञान त्यांच्या मुलांच्या हाती ठेवले. उपकार करावयास आलेला मनुष्य लोकांच्या मनात ओझे होऊन राहतो. आपलासा झालेला मनुष्य मात्र सोयरा होऊन राहतो.

मुलांनो, पुढे शिक्षणासाठी, कामासाठी वा प्रवासासाठी तुमच्यापैकी कित्येक जण परदेशी जातील. तेथे कोणाला साहाय्य करण्याची संधी आली, तर प्रथम त्यांना काय हवे आहे ते विचारा, त्यांचे ऐकून घ्या, आणि त्यांच्या भाषेतील चार शब्द तरी शिका. आणि नगरचा किल्ला पुन्हा पाहाल, तेव्हा नेहरूंच्या त्या खोलीपाशी क्षणभर थांबा. तिच्या दाराला कुलूप असताना, भारताचा एक पुत्र दूरच्या खेड्यात परक्यांचा आप्त होऊन गेला होता, हे आठवा.