आपोआप उघडणारी दारे

आमच्या शिंदखेडा तालुक्यात पावसाळ्याची खरी बातमी आभाळाकडे पाहून कळत नाही, ती तापीकडे पाहून कळते. वर भुसावळच्या बाजूला हतनूर धरणाची दारे उघडली की खाली सुलवाडे बॅरेजची दारे उघडावी लागतात आणि नदीकाठच्या गावांना गुरेढोरे वर घ्या म्हणून सांगावे लागते. हतनूरला 41 दारे आहेत. त्यांपैकी किती उघडली, यावर आमच्याकडे पारावर चर्चा होते.

माझी पुतणी बंगळूरला विमानातल्या सॉफ्टवेअरची चाचणी घेण्याचे काम करते. पावसाळ्यात ती घरी आली होती. पारावरच्या गप्पा ऐकून तिने एकच गोष्ट विचारली. दार उघडायचे कोणी ठरवायचे, आणि नेमक्या वेळी त्या माणसाचा डोळा लागला तर? मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर शोधता शोधता मी ज्या माणसापाशी पोहोचलो, त्याने उमेदवारीचे दिवस आमच्याच पांझरेकाठी काढले होते.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव महाराष्ट्राला परके नाही. म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. वडील संस्कृतचे विद्वान, पण घरची गरिबी. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि शिकवण्या करून बंगळूरचे शिक्षण पुरे करावे लागले. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आले, 1883 मध्ये परीक्षेत पहिले आले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. आधी नाशिक, मग खानदेश. त्या वेळी धुळे आणि जळगाव मिळून एकच खानदेश जिल्हा होता, आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे. पंचविशीही न गाठलेला हा तरुण तिथे आला.

त्यांच्याकडे काम आले ते पांझरा ओलांडून पाटाचे पाणी पलीकडे नेण्याचे. साक्री तालुक्यातील दातर्तीचा सायफन तो हाच. पाटाचे पाणी नळातून नदीच्या तळाखाली उतरते आणि पलीकडच्या काठावर पुन्हा वर येते. अलीकडचे तोंड पलीकडच्या तोंडापेक्षा उंच ठेवले की झाले. पंप नको, यंत्र नको. कागदावर हे सोपे, पण नदी कागद पाहत नाही. पावसाळा सुरू झाला होता. पूर आला की काम अडे. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना ती नवख्याची टाळाटाळ वाटली, आणि तसे त्यांनी लिहिलेही. या पोराने मग मुकाट्याने पुन्हा काम हाती घेतले आणि त्याच पुराशी झगडत पुरे केले. नोकरीच्या पहिल्याच वर्षांत नदीने आणि साहेबाने मिळून दिलेला हा धडा त्यांना जन्मभर पुरला असावा असे मला वाटते. पांझरा पुढे आमच्या मुडावदला तापीला मिळते, म्हणून हा धडा थोडासा आमच्याही पाण्याचा!

पुढे सिंधमध्ये सक्करची पाणीयोजना, मग सुरत, मग पुणे. पुण्याला खडकवासल्याचे धरण 1879 सालचे. पावसाळ्यात सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीचे पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात पाण्याची ओरड होई. सांडव्यावर दारे बसवली तर साठा वाढतो, हे कोणालाही सुचले असते. पण भर पावसात, मध्यरात्री, ती उघडायची कोणी? दारे बंद राहिली तर धरणच जायचे. माझ्या पुतणीचा प्रश्न तो हाच.

विश्वेश्वरय्यांनी माणूसच बाजूला काढला. दारांच्या वजनाला प्रतिवजन तोलून ठेवले. पाणी ठरलेल्या पातळीला आले की ते कुंडात शिरते, प्रतिवजन पाण्यात हलके होते, तोल फिरतो आणि दारे उघडतात. पाणी उतरले की कुंड रिकामे होते आणि दारे मिटतात. पाण्याची पातळी मोजायला पाणीच, आणि हुकूम द्यायलाही पाणीच. शिवाय साठवायचे ते पूर्वी येऊन गेलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीपर्यंतच. म्हणजे जेवढा भार धरणाने आधी सोसला होता तेवढाच. 1903 मध्ये ही दारे बसली आणि साठा सुमारे चौथाईने वाढला. त्यांचे पेटंट विश्वेश्वरय्यांच्या नावाने झाले. रेल्वेच्या चाकांचा आवाज ऐकून त्यांनी साखळी ओढल्याची गोष्ट आपण मुलांना हौसेने सांगतो. ती दंतकथा वाटते. मला ही दारे तिच्याहून मोठी वाटतात.

पुतणीला मी हे अभिमानाने सांगितले, तर ती लगेच दोष शोधू लागली. तिचा धंदाच तो. ज्या बिघाडाने विमान पडू शकते तो शंभर कोटी उड्डाण-तासांत एखाद्या वेळीही होऊ नये, असा तिच्याकडचा दंडक. तरी 2018 च्या ऑक्टोबरात इंडोनेशियात आणि 2019 च्या मार्चमध्ये इथिओपियात बोईंग 737 मॅक्स जातीची दोन विमाने कोसळली आणि 346 माणसे गेली. नाक आपोआप खाली करणारी एक व्यवस्था एकाच मोजमापावर विसंबून होती. मोजमाप चुकले, यंत्राने इमानाने चुकीचे काम केले, आणि इंडोनेशियाच्या वैमानिकांना अशी व्यवस्था विमानात आहे हेच कोणी सांगितलेले नव्हते. 1996 मध्ये युरोपचे एरियान 5 रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत फुटले, कारण जुन्या रॉकेटसाठी लिहिलेला हिशेब तसाच उचलून या वेगवान रॉकेटात घातला होता. हिशेब जुन्यासाठी बरोबर होता. तिचे म्हणणे, विश्वेश्वरय्यांच्या दारांनीही काही गृहीत धरलेच असणार. ते काय, हे आधी पाहा.

ते मला पाहावे लागले. दारांनी गृहीत धरला होता नदीचा पूर. 12 जुलै 1961 रोजी खडकवासल्यावर आला तो नदीचा पूर नव्हता. वरचे अर्धवट बांधलेले पानशेत धरणच फुटून आले होते. खडकवासलाही फुटले आणि पुणे वाहिले. याचा दोष त्या दारांवर टाकणे अन्याय होईल. 1903 साली वर धरणच नव्हते. वर नवे धरण बांधताना खालचा जुना हिशेब पुन्हा तपासायचा असतो, हे काम मागून येणाऱ्यांचे. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीत होते.

मधल्या काळात त्यांनी खूप केले. 1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादने त्यांना बोलावले आणि उस्मानसागर, हिमायतसागर उभे राहिले. म्हैसूरला ते चीफ इंजिनिअर झाले, 1912 ते 1918 दिवाण होते. कृष्णराजसागरावरही आपोआप चालणारी दारे बसली. 1955 मध्ये भारतरत्न मिळाले. एप्रिल 1962 मध्ये, पानशेतनंतर वर्षभराच्या आत, ते गेले.

खडकवासल्याला आज पूर सोडणारी दारे वेगळी आहेत. सुटी संपायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे एस.टी.ने धुळ्याला आणि तिथून साक्रीच्या रस्त्याने दातर्तीला गेलो. पाटाचे पाणी जिथे नळात उतरते तिथे पुतणी बराच वेळ वाकून पाहत उभी राहिली. मग जवळच काम करत असलेल्या शेतकऱ्याला तिने विचारले, यातला गाळ कोण काढतो, आणि मागच्या खेपेस कधी काढला होता?