रक्तगट शोधणारे लँडस्टायनर आणि बियांची कमाल

घाटकोपरच्या रक्तदान शिबिरात मी फॉर्मवर ‘ओ’ लिहितो. ए, बी, ओ हे गट व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर (जन्म १८६८) यांनी १९०१ मध्ये शोधले. १९३० ला नोबेल मिळालं. मला मात्र त्यांचं १९०८ चं काम जास्त भारी वाटतं: बियांच्या अर्काने वेगवेगळ्या प्राण्यांच्या रक्तपेशी कमी-जास्त चिकटतात. अर्कातली लेक्टिन नावाची प्रथिनं पेशीवरची साखर ओळखतात, हे पुढे कळलं. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या लॅबमध्येच त्यांना हार्ट अटॅक आला. दोन दिवसांत ते गेले.

१९५२ मध्ये आपल्या मुंबईत डॉ. भेंडेंच्या टीमने ‘बॉम्बे’ गट जगासमोर आणला. साध्या टेस्टमध्ये तो ‘ओ’च दिसतो, पण ओ रक्त चढवलं तर जीव जाऊ शकतो! युलेक्स झुडपाच्या बियांचं लेक्टिन टाकलं की ओ पेशी चिकटतात, बॉम्बे नाही. लेक्टिन मायक्रोॲरेमध्ये अशी अनेक लेक्टिनं एकाच काचपट्टीवर असतात. जिवंत पेशी कुठे चिकटल्या त्यावरून त्यांच्यावरची साखर कळते.